ट्रंक ऑपरेटर शोभाअक्का

शोभाअक्का आमच्या ऑफिसात आल्या त्या फोन उचलायला.

जळगावात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं वेबसाइट बनवायचं छोटंसं ऑफिस आहे. निखिल मालक. मी साइटवरचा मराठी मजकूर लिहिते. त्याआधी चौदा वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते. फोनवर नीट बोलणारं कुणीतरी पाहिजे, असं निखिलनं ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं. त्याला वाटलं, कॉलेज संपवलेली एखादी मुलगी येईल. आल्या त्या साठी ओलांडलेल्या बाई. सुती साडी, पायात पांढरे बूट, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा.

"टेलिफोन खात्यात होते मी," त्या म्हणाल्या. "आधी धुळ्याला ट्रंक ऑपरेटर, परगावचे फोन जोडून द्यायचे. मग इकडे जळगावला बदली. शेवटी इंटरनेट बंद पडल्याच्या तक्रारी घेत होते. माणसं रागानं बोलतात त्याची मला सवय आहे."

निखिलनं तिथल्या तिथे हो म्हटलं.

यजमान वारलेले, मुलगी जळगावला शिक्षिका. आठवडाभर अक्का तिच्याकडे राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या बसनं धुळ्यातल्या देवपूरला स्वतःच्या घरी जायच्या. सोमवारी येताना डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचाच. डबा उघडला की पहिला तुकडा समोरच्याच्या हातावर. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं, की त्या एकदम अहिराणीवर यायच्या, "खाय वं माय, इख नही शे." मग विष नाही याची खात्री पटवायला तरी खावंच लागायचं.

फोनवरचा त्यांचा आवाज मात्र वेगळा. हळू, सरळ, एकही शब्द वाया न जाणारा. समोरचा कितीही तापलेला असो, त्या त्याला पूर्ण बोलू द्यायच्या, मग विचारायच्या, "आता मला सांगा, शेवटचं बरोबर कधी चालत होतं?" या एका प्रश्नानं निम्मी भांडणं मिटताना मी पाहिली आहेत.

फैजपूरकडच्या एका केळीच्या रोपवाटिकेची साइट आम्ही केली होती. एके दिवशी तिच्या मालकांचा, वसंतनानांचा, फोन आला. आठ दिवस साइटवर एकही माणूस फिरकलेला नाही, रोज शून्य दिसतंय, साइट बंद पडली की काय? निखिल घामाघूम झाला. अक्कांनी रिसीव्हरवर हात ठेवून त्याला विचारलं, "यांना गिऱ्हाइकांचे फोन येताहेत का, विचारू?" विचारलं. फोन येत होते, आणि साइटवर बघूनच करतोय म्हणत होते.

"मग येणारे येताहेत," अक्का म्हणाल्या. "मोजणारा झोपलाय."

निखिलनं ब्राउझर उघडून एफ-बाराचं बटण दाबलं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात एक नवीनच खिडकी उघडली. अक्का चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभ्या होत्या. पान पुन्हा उघडलं तशा त्या खिडकीत भराभर ओळी पडत गेल्या.

"हे काय शे?"

"अक्का, पान उघडताना ब्राउझर कुणाकुणाशी बोलतो त्याची ही यादी. चित्र माग, अक्षरं माग. त्यातच मोजणाऱ्या कंपनीला निरोप जातो, की एक माणूस आला, अमुक पान बघतोय. तो निरोप गेला की इथं त्याची ओळ दिसते."

अक्कांनी चष्मा लावला, खाली वाकून सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "इथं ती ओळ नाहीये," त्या म्हणाल्या. "म्हणजे निरोप निघालाच नाही. पुढं कुठं अडकला नाही, निघालाच नाही."

शेजारच्या रकान्यात चूक दाखवणारी एक लाल ओळ दिसत होती. निखिलनं ती उघडली. मोजणीच्या कोडातली पहिलीच ओळ तुटत होती, पण का ते कळेना. मी मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी बघितलं आणि दिसलं. अवतरणचिन्हं वाकडी होती. वसंतनानांच्या पुतण्यानं साइटवर काही बदल करताना ते कोड मोबाइलवरच्या मेसेजमधून उचलून चिकटवलं होतं आणि त्यात सरळ चिन्हांची सुबक, वाकडी चिन्हं झाली होती. छापायला ती चांगली, कोडाला चालत नाहीत. चार चिन्हं बदलली आणि ती ओळ यादीत टपकन पडली.

अक्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वसंतनानांना फोन करून म्हणाल्या, "नाना, बठ्ठं बरोबर शे, सगळं ठीक. माणसं येतच होती."

त्या दिवसापासून त्यांना त्या खिडकीचा नादच लागला. दुपारी फोन कमी असले की निखिलकडून एकेक गोष्ट समजून घ्यायच्या, वहीत लिहायच्या. एकदा राशिभविष्याचं एक पान उघडून बसल्या होत्या. ओळी पडतच होत्या, थांबेचनात. अक्कांनी चष्मा काढला. "रेखा, मी माझी रास वाचली, तर एवढ्या जणांना कळवलं?"

"हो, अक्का."

"आणि मला कुणी विचारलं?"

मी म्हटलं, कुठंतरी खाली बारीक अक्षरात विचारलेलं असतं. त्यांनी ते बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं, त्यात अर्धा तास गेला. मग पान बंद केलं आणि पुन्हा कधी त्यांनी भविष्य उघडलेलं मी पाहिलं नाही.

वर्षभरात मोजणीचं काम पूर्ण त्यांच्याकडे आलं. धुळ्याच्या एका साडीवाल्यांनी भेटी दुप्पट झाल्या म्हणून आम्हाला पेढे पाठवले. अक्कांनी पेढ्याला हात लावायच्या आधी एफ-बारा दाबलं. प्रत्येक भेटीला दोन निरोप जात होते. कोड दोनदा चिकटवलेलं होतं. निखिल म्हणाला, राहू द्या, शेठ खूश आहेत. अक्कांनी फोन लावला. "शेठ, तुमची माणसं आधी होती तेवढीच आहेत. पण ती खरी आहेत, आणि दोन दोन पानं बघून जाताहेत." शेठ हसले. त्यानंतर आमच्या कुठल्याही आकड्यावर त्यांनी शंका काढली नाही.

साइट तपासताना सगळे फॉर्ममध्ये 'टेस्ट टेस्ट' असं लिहितात. अक्का कधीच तसं लिहायच्या नाहीत. रोपवाटिकेच्या फॉर्मवर त्या लिहायच्या, 'पाचशे रोपं पाहिजेत, दसऱ्यापर्यंत मिळतील का?' दवाखान्याच्या फॉर्मवर, 'दाढ दुखते, झोप नाही.' मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्यानं लिहायचं तो खरंच लिहिणार आहे ना? मग तपासायचंही खऱ्यानंच."

या सवयीमुळेच ती गोष्ट सापडली.

धुळ्याला बायकांसाठी एक समुपदेशन केंद्र आहे. घरात त्रास असलेल्या बाया तिथं येतात, सल्ला घेतात. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या साइटवर आम्ही एक फॉर्म केला होता. नाव, फोन, कधी फोन केलेला चालेल, आणि मन मोकळं करायला एक मोठा चौकोन. केंद्र चालवणाऱ्या सुमनताईंचा फोन आला, की फॉर्म येताहेत पण मोजणीत त्यांची संख्या दिसत नाही, जरा बघा.

अक्कांनी पान उघडलं, फॉर्म भरला, पाठवला. खिडकीतली निरोपाची ओळ सापडली. तिच्यावर टिचकी मारून आत काय काय कळवलं गेलं ते त्या वाचू लागल्या. मी शेजारच्याच टेबलावर होते. मी सहज वर बघितलं. त्यांचा हात तोंडावर होता.

"काय झालं, अक्का?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मोजणाऱ्या कंपनीला गेलेल्या निरोपात, पानाच्या पत्त्याला जोडून, अक्कांनी चौकोनात लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं होतं. 'दादा, मला घेऊन जा.' त्याच्यापुढे नाव आणि फोन नंबर.

निखिल आला. त्याला लगेच कळलं. फॉर्म करताना त्याच्याकडून एक शब्द चुकला होता, आणि त्यामुळे भरलेला सगळा मजकूर पानाच्या पत्त्यात जाऊन बसत होता. मोजणी पत्ता कळवते, म्हणून मजकूरही बाहेर जात होता, आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळा पडल्यामुळे एकत्र संख्या दिसत नव्हती. वरच्या पट्टीत मराठी अक्षरांच्या जागी नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे दिसायचे, म्हणून आमच्यापैकी कुणालाच कधी शंका आली नव्हती. खालच्या खिडकीत तेच उलगडून मराठीत दिसत होतं.

दहा मिनिटांत त्यानं फॉर्म दुरुस्त केला. अक्कांनी पुन्हा भरून पाहिला. आता निरोपात काही नव्हतं.

"झालं," निखिल म्हणाला.

"आधी गेलेल्यांचं काय?"

मोजणीच्या अहवालात त्या लांबलचक पत्त्यांच्या अकरा ओळी होत्या. अकरा बायका. आणि तो अहवाल उघडायची परवानगी पाच जणांकडे होती. त्यात केंद्राच्या जाहिराती करणारा धुळ्यातलाच एक गृहस्थ होता, आणि काम सोडून गेलेला आमचा एक जुना माणूसही.

"मी पुसतो ते सगळं," निखिल म्हणाला. "आत्ता पुसतो. परवानग्या काढतो. अक्का, ते टक्क्या-टक्क्याचं कोण वाचत बसणार आहे?"

"मी वाचलं ना."

"म्हणजे तुम्ही तुमचंच वाचलं. कुणाला कळलेलं नाही. आपण सांगितलं तर केंद्र जाईल आपल्या हातचं. आणि नुसतं केंद्र नाही, धुळ्यात सगळीकडे होईल, की यांच्याकडून बायकांची नावं फुटली. अक्का, चार घरं चालतात या ऑफिसवर."

त्यात माझंही एक घर होतं. मी काही बोलले नाही. हे लिहिताना मला सोपं जात नाहीये, पण मी तेव्हा काही बोलले नाही.

अक्कांनी तो अहवाल बंद केला. मग शांतपणे म्हणाल्या, "पुसून टाक. परवानग्या काढ. उद्या मी धुळ्याला जाऊन सुमनताईंना सांगणार आहे. फोनवर नाही, समोर बसून. रेखा, तू येते का? तुझ्यावर जबरदस्ती नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसस्टँडवर उभ्या होतो. बस लागायच्या आधीच निखिलची गाडी समोर येऊन थांबली. त्यानं काच खाली केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "बसा."

एरंडोल मागे पडलं. पारोळा जवळ आलं तेव्हा मागच्या सीटवरून अक्कांनी बोलायला सुरुवात केली. निखिलला सांगत होत्या की मला, की स्वतःलाच, ते कळत नव्हतं.

"एकवीस वर्षांची होते मी. नवीनच लागलेले. ट्रंक कॉल जोडून दिला, लागला याची खात्री केली, की कानावरचं काढायचं, असा नियम होता. सगळ्याच जणी थोडं थोडं ऐकायच्या, खोटं कशाला बोलू. एका दुपारी पोस्टाजवळच्या सरकारी फोनवरून कॉल आला, सुरतेला जोडायचा. आवाज ओळखीचा होता. आमच्या गल्लीतली इंदूवहिनी. भावाशी बोलत होती. एवढंच म्हणाली, 'दादा, मला घेऊन जा. इथं मी वाचायची नाही.' भाऊ म्हणाला, रविवारी येतो, कुणाला बोलू नको."

गाडीच्या खिडकीतून कापसाची शेतं मागे जात होती.

"मला इतकं वाईट वाटलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं. वाईट वाटलं म्हणूनच सांगितलं, चहाडी म्हणून नाही. आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, तिलाही वाईटच वाटलं असेल. शनिवारपर्यंत तिच्या सासूला कळलं होतं. रविवारी भाऊ आला तर दाराशीच सांगितलं, ती नवऱ्याबरोबर गावाला गेलीये. ती आत होती. तोंडावर हात दाबून बसवलेली. हे मला पुढं तिनंच सांगितलं. आणि म्हणाली, कुणी सांगितलं असेल गं शोभा?"

"तुम्ही काय म्हणालात?" निखिलनं विचारलं. गाडीचा वेग त्यानं कमी केला होता.

"काही नाही म्हणाले. माहीत नाही म्हणाले. भाऊ रागावून गेला तो परत आला नाही. तिथंच राहिली ती. तीस वर्षं. नळावर रोज भेटायची. माझ्या लग्नात तिनं मला मेंदी काढली. दवाखान्यात शेवटचं भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, 'तू फार चांगली शे, शोभा.' तेव्हाही बोलता आलं नाही मला."

मग धुळे आलं.

सुमनताईंच्या खोलीत अक्का खुर्चीच्या काठावर बसल्या. आपण काय केलं, काय दिसलं, किती जणींचं गेलं, कुणाला दिसू शकत होतं, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. एकही गोष्ट लहान केली नाही, मोठीही केली नाही. त्या थांबल्यावर निखिल म्हणाला, "चूक माझी आहे. फॉर्म मी केला होता."

सुमनताई उभ्या राहिल्या, खिडकीपाशी गेल्या. "मी गावोगाव जाऊन बायांना सांगते, इथं लिहा, इथून बाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं वाटलं असतं. "आता अकरा जणींना मी काय सांगू?"

"जे झालं ते," अक्का म्हणाल्या. "पण एक विचारू? फोन कधी केलेला चालेल, ते त्यांनी लिहिलंय. त्याच वेळेला करा. दुसऱ्या कुणी उचलला तर काही बोलू नका."

सुमनताईंनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यानंतरचे दोन तास त्या दोघी बसून यादी करत होत्या. मी आणि निखिल बाहेरच्या बाकावर बसून होतो.

साइटचं काम आमच्याकडून गेलं. निखिल महिनाभर अक्कांशी कामापुरतंच बोलायचा. अक्कांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. डब्यातला पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवायच्या, आणि तो न बोलता खायचा. अकरापैकी नऊ जणींशी केंद्राचं बोलणं झालं. एकीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी लिहिलं नाही. एकीनं उलट विचारलं, मग आता पुढं काय करायचं ते सांगा, आणि केंद्रात यायला लागली. दोघींशी संपर्क झालाच नाही. त्या दोघींबद्दल अक्का मला मधूनच विचारायच्या, जणू मला माहीत असणार होतं.

एका दुपारी सुमनताईंनी ऑफिसात फोन केला. त्यांच्यासमोर त्या अकरांपैकीच एक बाई बसली होती आणि तिला ही चूक ज्यांनी पकडली त्यांच्याशी बोलायचं होतं. अक्का उठून उभ्याच राहिल्या. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. अक्का म्हणाल्या, "नाही बाई. तुमचं मी उघडलं नाही. ओळी किती ते मोजलं, बस. वाचलं ते फक्त मी लिहिलेलं." मग बराच वेळ नुसतं "हां... हां..." करत राहिल्या. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

तीन महिन्यांनी केंद्राचं पत्र आलं, काम परत मिळालं. कुठलाही बदल अक्कांनी तपासल्याशिवाय साइटवर चढवायचा नाही, एवढीच सुमनताईंची अट होती. निखिलनं ते पत्र अक्कांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, माझं चुकलं होतं." अक्का म्हणाल्या, "कोणतं? फॉर्मचं ते तर तू तिथंच बोलला." तो म्हणाला, "नंतरचं." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस, पण खाली मान घालून उभा राहिला.

गेल्या वर्षी अक्कांची नजर कमी होत गेली. डोळ्यांच्या मधोमध डाग येतो म्हणाल्या, कडेचं दिसतं पण समोरचंच दिसत नाही. काही दिवस मी त्यांना खिडकीतल्या ओळी वाचून दाखवायची आणि त्या ऐकून सांगायच्या, "थांब, मागची पुन्हा वाच." मग एका शनिवारी देवपूरला गेल्या त्या तिथंच राहिल्या. मुलीनं खूप आग्रह केला. पण आपल्या गल्लीत डोळे मिटूनही फिरता येतं, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले होते. वांग्याचं भरीत केलं होतं त्यांनी, अंदाजानं, आणि मीठ बरोबर पडलं होतं. ऑफिसातल्या सगळ्यांची चौकशी झाली. निघताना मी नको नको म्हणत असतानाही मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या दंडावर.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई कडुनिंबाखाली उभी होती. तरुण, कडेवर मूल, पदर पुढं ओढलेला. अक्कांना पाहून ती दोन पावलं पुढं आली आणि मला पाहून थांबली. अक्कांना तिचा चेहरा दिसत नसणार. पण तिनं हलकेच "अक्का" म्हटलं, आणि त्यांचा हात माझ्या दंडावरून सुटला.

"तू जाय, रेखा," त्या मला म्हणाल्या. "पोहोचली की फोन कर."

मी रिक्षात बसले. वळणावर मागे पाहिलं. त्या बाईचं मूल अक्कांनी स्वतःच्या कडेवर घेतलं होतं, काठी झाडाला टेकवून ठेवली होती. बाई बोलत होती. अक्कांनी मान तिच्याकडे झुकवली होती आणि एका हातानं मुलाची पाठ थोपटत त्या ऐकत होत्या.

रिक्षावाल्यानं विचारलं, "थांबू का, ताई?"

"नको," मी म्हटलं. "चला."